विलगीकरण? लहरींना काय लागण झालीय?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : कृत्रिम हादरे देऊन जमिनीखालच्या खडकांचं चित्र काढताना पी आणि एस या दोन प्रकारच्या कंपनलहरी वेगळ्या कराव्या लागतात. मराठी अहवालात याला 'लहरींचे विलगीकरण' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. कोरोना गेला, हा शब्द जाईना. घंटागाडीपाशी कचऱ्याचं विलगीकरण, पॅकहाउसात द्राक्षाच्या घडांचं विलगीकरण! अहो, घड निवडतात, त्यांची प्रतवारी करतात. विलग म्हणजे न चिकटलेला. मुळाशी लग् धातू. आपलं लागणं, लग्न आणि लागण त्याच घरातली. लागण होऊ नये म्हणून माणूस विलग ठेवला, तिथे शब्द चपखल होता. इथे आजारी कोण आहे?

आपल्याकडे ब्रह्मगिरीपासून पांडवलेण्यापर्यंत काळ्या पाषाणाचे थरावर थर. अशा दोन थरांच्या सीमेवर पी लहर तिरकी आदळली की तिची थोडी एस होते, आणि नोंदीत दोघींची सरमिसळ. कठीण खडकात पी सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते, एस साडेतीनच्या आसपास. एसची नोंद पीच्या वेगानं मोजली, तर थर असतो त्याहून खोल दिसतो. पण पी खडकाला दाबते-फुगवते, एस आकारमान न बदलता पीळ देते. म्हणून गणितानं एकदा दाब-फुगवटा मोजायचा, एकदा पीळ. दोघी हव्याच असतात. फक्त ही ही आणि ती ती, एवढं कळायला हवं. हे पृथक्करण.

'पृथक्करण म्हणजे तपासणी' असं कुणी म्हणेल. निफाडचा बागायतदार मातीचं पृथक्करण करून आणतो, तेव्हा चुना किती, क्षार किती हे वेगवेगळं झाल्यावरच कळतं ना?

आता खरी गंमत. पृथ्वी आली प्रथ् धातूवरून : पसरणे. पसरलेली ती पृथ्वी. आणि उणादिसूत्रं, म्हणजे संस्कृत शब्द धातूंपासून साधून दाखवणारी जुनी व्याकरणसूत्रं, पृथक् हा शब्दही त्याच प्रथ् वरून साधतात! पसरलं की सुटं होतं. धान्य सुपात पसरल्याशिवाय खडा दिसतो का? म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या लहरींचं पृथक्करण हा एकाच धातूचा घरचा मामला. मी तर या जोडीवर बेहद्द खूश आहे.

आमचे एक शास्त्रीबुवा याच्याही पुढे जातात. प्राथमिक लहर, म्हणजे पी, तीही प्रथ् चीच म्हणे. उणादीत प्रथमसुद्धा तिथूनच साधलाय. बुवा, इथे मी उणादी सोडतो. प्रथम हा 'प्र'चा, पुढे असण्याचा; लॅटिन प्रिमुस त्याचाच भाऊबंद, आणि पी हे अक्षर आलं त्या लॅटिनमधून. पृथक् ला उणादी प्रमाण आणि प्रथमला नाही, हे कसं, असं ते विचारणारच. हो, सोयीनं! पण मापयंत्रापाशी आधी पोचते म्हणून ती प्राथमिक. पसरतात काय, दोघीही पसरतात.