शेक घेतल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

मावशींचं वय साठीच्या पुढचं, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. शेक, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), सुरू झाले आणि त्यांनी घरात आपलं ताट-वाटी वेगळं केलं, अंथरूण ओसरीवर नेलं. दोन वर्षांचा नातू जवळ आला की सुनेला हाक, "घे गं याला!" किरणं अंगात मुरतात, असं गावात कुणीतरी सांगितलं होतं. कॅन्सरच्या रुग्णांशी बोलताना ही शंका मला सतत भेटते, आणि बहुतेकजण ती डॉक्टरांना विचारतच नाहीत.

"नेमकी भीती कशाची वाटते?" मी विचारलं.

"ताई, किरणं चांगली असती तर मला एकटीला टेबलावर ठेवून सगळी बाहेर का जातात? एवढं जाड दार कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. मशीन चालू असताना थोडी किरणं शरीरावर आदळून खोलीभर विखुरतात. मावशींसाठी तो उपचार आहे. तंत्रज्ञ मुलीच्या वाट्याला मात्र ती रोज, वर्षानुवर्षं आणि विनाकारण आली असती. म्हणून तर भिंतीही मीटरभराहून जाड काँक्रीटच्या. पण मशीन थांबलं की किरणं संपली. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड मागे उरतो का? शेक देणारं मशीन, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, विजेवर क्ष-किरण तयार करतं, आणि मावशींना दिले जाणारे 6 एमव्ही (मेगाव्होल्ट) ताकदीचे क्ष-किरण शरीरातल्या अणूंना किरणोत्सारी करू शकत नाहीत.

"उद्या ती मुलगी आत कशी येते ते बघा," मी म्हटलं. मावशींनी पाहिलं. एप्रन नाही, हातमोजे नाहीत. तिने दंडाला धरून उठवलं, गाउनची नाडी बांधून दिली. माझ्या बोलण्यापेक्षा त्यांना तेच पटलं.

"मग अंग का गळून जातं? कातडी का काळवंडते?" उष्णता उतरावी म्हणून त्या रोज सब्जा पीत होत्या. खरं तर एका दिवसाच्या डोसाने शरीर अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही. किरणांनी पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून तयार होणारे कण डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी हे बरंचसं काही तासांत सांधतात. कर्करोगाच्या पेशींना ते नीट जमत नाही. विभागायला गेल्या की मरतात. त्यामुळेच मावशींचा 40 ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस 15 शेकांत वाटून दिला होता. तरी वाटेतल्या कातडीला थोडा त्रास होतोच, तो पुढे हळूहळू ओसरतो.

थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. ते औषध काही दिवस अंगातच असतं, म्हणून त्यांना लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. गावात ऐकलेलं कदाचित तिथलं असेल.

मावशींना मी दोनच गोष्टी बजावल्या: छातीवरच्या शाईच्या खुणा घासू नका, आणि शेक चुकवू नका. मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना वाढायला सवड मिळते. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, भाचीच्या हळदीसाठी एक दिवस बुडवायचं मनात होतं. त्या दिवसापुरती आम्ही त्यांना सकाळची पहिली वेळ मिळवून दिली.