आम्ही हिंदू, राहतो दुबईत. मुंबईत केलेलं मृत्युपत्र तिथे चालेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर, करामाला राहता, दोन शाळकरी मुलं. मुलुंडला दोघांच्या नावावर फ्लॅट, दुबईत बँकेत पैसे आणि एक छोटा स्टुडिओ फ्लॅट, शिवाय गिरगावात सासूबाईंच्या नावावर पागडीची खोली. यजमानांनी मागच्या गणपतीत मुंबईत येऊन नोटरीकडे 'माझी सर्व मालमत्ता पत्नीला' असं मृत्युपत्र करून ठेवलं. ते दुबईत चालेल का, की तिथे शरियत लागते? आणि हा विषय काढला की ते 'अभद्र बोलू नकोस' म्हणतात, त्याचं काय करायचं?

मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मृत्युपत्रं आणि प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची) कागदपत्रं बघते. मी वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी दोन्हीकडच्या वकिलांना कागद दाखवालच. पण आखातातली मराठी कुटुंबं नेमकी कुठे अडकतात हे रोज समोर येतं, म्हणून लिहिते.

चालेल, पण फार उशिरा चालेल. मुंबईतलं मृत्युपत्र दुबईत वापरायचं तर माणूस गेल्यावर त्याचं साक्षांकन, यूएईच्या वकिलातीचा शिक्का, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अधिकृत अरबी भाषांतर आणि मग तिथलं कोर्ट, अशी वरात निघते. तोवर त्यांच्या एकट्याच्या नावावरचं खातं गोठलेलं असतं. जोड खात्यावरही भरवसा ठेवू नका. आपल्याकडे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असलं की मागे राहिलेला खातं चालवतो, तिथे मृत व्यक्तीच्या हिश्शापुरती रक्कम बँक अडवते. म्हणून पहिलं काम मृत्युपत्राचं नाहीच. तुमच्या एकटीच्या नावावर तिथे एक खातं उघडा आणि त्यात घरभाडं, शाळेची फी, विमानाची तिकिटं निघतील एवढे काही महिन्यांचे पैसे ठेवा.

आता शरियत. ही भीती पूर्वी खरी होती, आता अर्धवट खरी आहे. दुबईत डीआयएफसीमध्ये (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर, स्वतःचं वेगळं कोर्ट असलेला वित्तीय भाग) २०१५पासून बिगर-मुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवता येतं. अबू धाबीत २०२१मध्ये बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा कौटुंबिक कायदा आला आणि त्याच धर्तीवर २०२२चा संघीय हुकूमनामा क्रमांक ४१ हा १ फेब्रुवारी २०२३पासून लागू झाला. बिगर-मुस्लीम माणूस मृत्युपत्र न करता गेला तर या हुकूमनाम्याप्रमाणे अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि उरलेली अर्धी मुलांना सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. वारस मूळ देशाचा कायदा लावण्याची मागणीही करू शकतात, आणि घरात भांडण असेल तर ती करणारा कुणीतरी निघतोच. हे फक्त यूएईचं सांगते आहे. शेजारच्या कतार-कुवेतला हे नियम लागत नाहीत, उद्या नोकरी बदलून तिकडे गेलात तर हा सगळा विचार पहिल्यापासून करा.

तुमच्याच घराचं गणित मांडून बघा. मृत्युपत्र नाही असं धरू. दुबईतल्या पैशांत तुम्हाला अर्धे, दोन्ही मुलांना पाव-पाव, सासूबाईंना शून्य, कारण मुलं असली की आईवडिलांचा नंबर लागत नाही. मुलुंडच्या फ्लॅटला मात्र १९५६चा हिंदू वारसा कायदा. तिथे पत्नी, मुलं आणि आई एकाच ओळीतले वारस. यजमानांच्या अर्ध्या हिश्शाचे चार सारखे भाग होणार आणि त्यातला एक सासूबाईंचा. (वडील या पहिल्या ओळीत नाहीत, हे ऐकून आमच्याकडे येणारे सासरे हमखास दुखावतात.) मुलांचे भाग अल्पवयीन मुलांच्या नावावर गेले की फ्लॅट विकायला कोर्टाची परवानगी. म्हणजे माणूस एक, पण त्याच्या पैशाचे दोन देशांत दोन वेगळे हिशेब. कुणाच्याही मनात वाईट नसताना घरात तणातणी होते ती इथे.

तेव्हा मृत्युपत्र हवंच, आणि माझं ठाम मत आहे की दोन हवीत. एक भारतातल्या मालमत्तेपुरतं, मुंबईत केलेलं. दुसरं यूएईतल्या मालमत्तेपुरतं, तिथे नोंदवलेलं. काही सल्लागार जगभरच्या सगळ्या मालमत्तेचं एकच करा म्हणतात. कागदावर ते सुटसुटीत दिसतं, पण मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर दुबईच्या कोर्टाचा आदेश ठेवून बघा, तो आधी चहा मागवेल आणि मग फाइल बाजूला ठेवेल.

दोन करताना जीव जातो तो एका वाक्यात. मृत्युपत्राच्या प्रत्येक छापील नमुन्यात वरच असतं: 'हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे.' मुंबईत भारतापुरतं केलं, दोन वर्षांनी दुबईत तिथल्यापुरतं केलं आणि हे वाक्य नमुन्यातून जसंच्या तसं खाली उतरलं, की मुंबईचं रद्द झालं असं म्हणायला समोरच्या वकिलाला जागा मिळाली. माझ्या टेबलावर असा कागद आला होता. दोन भाऊ, दोघंही एरवी समंजस, आणि सगळा वाद या एका ओळीवर. म्हणून मुंबईच्या मृत्युपत्रात असं लिहून घ्या: 'हे मृत्युपत्र माझ्या फक्त भारतातील मालमत्तेसंबंधी आहे. भारतातील मालमत्तेसंबंधी यापूर्वी केलेली मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे. भारताबाहेरील मालमत्तेसंबंधी केलेल्या वा पुढे करावयाच्या मृत्युपत्रावर याचा परिणाम होणार नाही.' दुबईच्या मृत्युपत्रात याचीच उलट बाजू. आत्ताच्या 'सर्व मालमत्ता पत्नीला' या मजकुरात देशाचा उल्लेखच नाही, त्यामुळे ते बदलावंच लागेल.

बदलताना आधीचा कागद काढून साक्षीदारांच्या सह्या मोजा. नोटरीचा लाल शिक्का बघून लोक निर्धास्त होतात, पण कायद्याला नोटरी लागतच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५च्या कलम ६३ला लागतात दोन साक्षीदार, ज्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलं आणि त्याच्यासमोर स्वतः सही केली. स्टँप ड्युटी नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी मी नोंदणी करा म्हणेन, कारण सब-रजिस्ट्रारकडे फोटो आणि अंगठा होतो आणि 'ही सही बाबांची नाहीच' म्हणणाऱ्याचं तोंड निम्मं बंद होतं. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि मुंबईतच राहणारे घ्या, पुढे त्यांनाच उभं राहावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

प्रोबेटबद्दल जुने लोक घाबरवतील. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदूच्या मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट बंधनकारक होतं. ज्या कलम २१३मुळे ते होतं, ते संसदेने २०२५च्या डिसेंबरात वगळलं. वाद असेल तर मात्र प्रोबेट घेतलेलंच बरं.

नॉमिनीचा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर बोलून माझा घसा बसतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीत तो तात्पुरता सभासद होतो, वारस ठरेपर्यंत. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नॉमिनी वारसाला डावलू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट केलं. तरी नॉमिनेशन भरा, कारण पैसे आधी त्याच्याच हातात पडतात. फक्त मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनेशनमध्ये दुसरं असं करू नका. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून आईच राहिली आहे, असं निम्म्या घरांत असतं.

आणि नावं! दुबईच्या कोर्टात पासपोर्टवरचं नाव चालतं. इथे शेअर सर्टिफिकेटवर 'सौ.' लावून सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आधारवर मधलं नाव गायब. सासूबाईंच्या पिढीत तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे. मृत्युपत्रात 'उर्फ' लिहून सगळी नावं एकदा एकत्र घ्या आणि गॅझेट किंवा लग्नाचा दाखला सोबत ठेवा.

गिरगावची खोली हे वेगळंच प्रकरण आहे. पागडीची खोली सासूबाईंच्या मालकीची नाही, त्या भाडेकरू आहेत. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा निकाल आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९प्रमाणे भाडेकरू गेल्यावर हक्क जातो तो त्याच्यासोबत राहत असलेल्या घरच्या माणसाकडे, आणि असं कुणी नसेल तरच इतर वारसांकडे. यजमान दुबईत. सासूबाईंजवळ दीर-जाऊ राहत असतील, तर 'ती खोली नंतर धाकट्याला द्यायची' असं मृत्युपत्रात लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. भाडेपावतीवर नाव चढवायचं असेल तर घरमालकाशी आत्ता बोला, सासूबाई खणखणीत असताना. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की कुणी कुणाचं ऐकत नाही.

तुमच्या प्रश्नात मुलांचा उल्लेख नुसता ओघात आला आहे. मला सगळ्यात काळजी तिथेच वाटते. दोघांनाही एकाच गाडीत काही झालं तर? मावशी-काका मुंबईहून पोचेपर्यंत मुलं कुणाकडे राहणार, हे दुबईत लेखी हवं. डीआयएफसीत फक्त मुलांच्या पालकत्वापुरतं मृत्युपत्र करता येतं. त्यात दोन माणसं नेमा: तिथेच राहणारा, रात्री अकरा वाजता दार उघडेल असा तात्पुरता पालक, आणि कायमचा पालक भारतातला. त्यांना विचारून नेमा. मावशीला हा मान कोर्टातून कळावा असं होऊ देऊ नका. मुंबईच्या मृत्युपत्रातही तीच नावं लिहा.

खर्चाचं म्हणाल तर डीआयएफसी महाग आहे, पूर्ण मृत्युपत्राचा दिरहममधला आकडा पाच अंकी होतो. अबू धाबीच्या न्याय विभागाकडे त्या मानाने फारच स्वस्त, पण तिथे अरबी मजकूर लागतो. तुमचा स्टुडिओ आणि मुलं दोन्ही दुबईत, म्हणून मी डीआयएफसीकडे झुकेन.

एक उपप्रश्न बहुतेक लोक विचारायचे विसरतात. मोबाइल ॲपवरून अमेरिकन शेअर घेतलेत का? तिथे राहत नसलेल्या परदेशी माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर ६०,००० डॉलरच्या वर वारसा कर लागतो, मग माणूस दुबईत मरो की दादरला. भारतात इस्टेट ड्युटी १९८५मध्येच गेली, यूएईत वारसा कर नाही, म्हणून लोक बेसावध असतात. मुलुंडचा फ्लॅट पुढे विकून पैसे बाहेर न्यायचे झाले तर एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कर भरून, सीएच्या दाखल्यासह. तुमच्या फ्लॅटला ती मर्यादा पुरेल.

मूळ मृत्युपत्र यजमानांच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच कागद मागतात. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, मुंबईतला नेमा आणि मूळ प्रत त्याच्याकडे ठेवा.

राहिले यजमान. अभद्र म्हणणाऱ्या माणसाशी फ्लॅट कुणाला यावर बोलायला जाऊ नका, ते त्याला स्वतःच्या मरणाचं बोलणं वाटतं. मुलांच्या पालकत्वाचा कागद पुढे ठेवा. त्यावर तुमचीही सही लागते, त्यात तुम्हीही मरता, त्यामुळे ते जरा सोपं जातं. मी पाहिलेल्या बहुतेक नवऱ्यांनी तो कागद मुकाट्याने वाचला आणि मग स्वतःच विचारलं, 'आणि फ्लॅटचं काय?'