कोतवाल बुकातला शब्द फेसबुकवर

समाजमाध्यमांवरील द्वेषपूर्ण मजकूर कोण आणि कसा काढतो, आणि जुन्या कागदपत्रांत सापडणाऱ्या अपमानकारक भाषेचे काय करावे, या दोन विषयांवर आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे, कारण पहिलेच पत्र दोन्ही विषयांत पाय ठेवून उभे आहे. जातिवाचक शिव्या मी उत्तरांत छापलेल्या नाहीत; शब्दावाचून मुद्दाच कळणार नाही अशा ठिकाणीच तो दिला आहे.

प्रश्न (काटोल): पणजोबांच्या जन्माची नोंद असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयातून मिळवली. तिचे छायाचित्र फेसबुकवर टाकले आणि अक्षर वाचायला अवघड म्हणून मजकूर खाली टाइप केला. थोड्याच वेळात 'द्वेषपूर्ण मजकूर' म्हणून ते काढून टाकण्यात आले. सरकारी कागद द्वेषपूर्ण कसा ठरतो?

उत्तर: कोतवाल बुक हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ज्या वहीत ठेवत असे, ती ही वही. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, असे रकाने असतात आणि पुष्कळदा बाळाचे नावच नसते. अमुक वल्द तमुक यास मुलगा झाला, एवढ्यावर नोंद संपते. जात पडताळणीच्या कामात या वहीला फार मोल आहे, कारण अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे पणजोबांना ज्या शब्दाने वहीत बसवले, तोच शब्द आज पणतूच्या हक्काचा पुरावा ठरतो.

मजकूर तपासणाऱ्या फेसबुकच्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही. आपण टाइप केलेल्या मजकुरात त्याला एक शब्द दिसला, जो त्या काळच्या कारकुनाच्या लेखी रकान्यात भरायचे नाव होते आणि आज रस्त्यावर उच्चारला तर शिवी आहे. तो कागदातून उतरवला आहे की कोणाच्या तोंडावर फेकला आहे, हा भेद अक्षरांत नसतो, आजूबाजूला असतो; आणि आपल्या पोस्टमध्ये आजूबाजूला काहीच नव्हते. छायाचित्र तेवढे टाकले असते तरी सुटका झाली असती असे समजू नये, कारण चित्रातील अक्षरेही आता यंत्राकडून वाचली जातात.

आपण एकटे नाही, हे कळावे म्हणून एक उदाहरण देतो. जुलै 2018 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एका छोट्या वृत्तपत्राने स्वातंत्र्यदिनानिमित्त 1776 चा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा फेसबुकवर हप्त्याहप्त्याने देण्यास सुरुवात केली. त्यातला एक हप्ता द्वेषपूर्ण भाषा म्हणून काढला गेला, कारण त्यात तेथील मूळ रहिवाशांना निर्दय आणि रानटी म्हटलेले आहे. कंपनीने नंतर तो परत लावला आणि चूक मान्य केली. मात्र यंत्राला हसण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की ते वाक्य अपमानकारक आहेच. यंत्राने शब्द अचूक ओळखला. प्रसंग त्याला ओळखता आला नाही.

आता करायचे काय? पहिले म्हणजे त्या सूचनेखालीच फेरविचाराची विनंती करावी. फेसबुकच्या नियमांत जात हे संरक्षित वैशिष्ट्य आहे, आणि अपमानकारक शब्द त्याचा निषेध करण्यासाठी किंवा त्याविषयी चर्चा करण्यासाठी वापरण्यास मुभा आहे. पण वापरणाऱ्याचा हेतू मजकुरातून स्पष्ट व्हावा, अशी अपेक्षा असते. म्हणून पुन्हा टाकताना शब्द येण्याच्या आधीच दोन वाक्ये लिहावीत: हा अमुक सालच्या कोतवाल बुकातील उतारा आहे, यातील जातिवाचक शब्द त्या काळच्या सरकारी नोंदीतला आहे आणि पुरावा म्हणून जसाच्या तसा ठेवला आहे. विनंती फेटाळली गेली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्याच्याही निर्णयाने समाधान झाले नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. माहिती तंत्रज्ञान नियमांतील 2022 च्या दुरुस्तीने ही सोय झाली.

दुसरे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. नकलेचे पान पूर्ण टाकले असेल तर आपल्या पणजोबांच्या वर आणि खाली आणखी काही घरांची नावे आणि जाती आहेत. त्यांचे वंशज कदाचित आज त्याच गावात असतील, आणि आपली जात फेसबुकवर लागावी अशी त्यांची इच्छा असेलच असे नाही. आपल्या ओळीपुरते छायाचित्र कापून घ्यावे.

प्रश्न (इंदोरा): आम्ही इतिहासाचे काही विद्यार्थी मध्य प्रांताच्या काळातील छापील पुस्तके आणि हस्तलिखित नोंदी स्कॅन करून त्यांची सूची करत आहोत. गटातील निम्म्या जणांचे म्हणणे आहे की जातींविषयीचे अपमानकारक शब्द फुल्या मारून झाकावेत किंवा त्यांच्या जागी आजची नावे घालावीत. उरलेल्यांना ते इतिहासाशी खोटेपणा वाटतो. आपले मत काय?

उत्तर: माझे मत दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. 'इतिहास जसा होता तसा' हे वाक्य बोलायला सोपे असते, विशेषतः ज्याच्या आजोबांना तो शब्द कधी ऐकावा लागला नाही त्याला. माझे कारण व्यवहारातले आहे. मूळ शब्द झाकला की कागद शोधणाऱ्याला सापडत नाही, सापडला तरी पुरावा म्हणून उभा राहत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे लिहिणारा आहे त्याहून सभ्य दिसू लागतो.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा 1916 चा चार खंडांचा ग्रंथ आपल्या यादीत असणारच. त्यात नागपूर-विदर्भातील कितीतरी समाजांच्या चालीरीतींची दुसरीकडे न मिळणारी माहिती आहे, आणि त्याच पानांवर अख्ख्या समाजाचा स्वभाव दोन विशेषणांत उरकणारी वाक्येही आहेत. ती वाक्ये पुसली तर 1871 च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणे त्या काळच्या शिकल्यासवरल्या माणसांना सहज का पटले, हे विद्यार्थ्याला कशावरून कळणार? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण कोणत्या शिक्क्यातून विमुक्त झाल्या, हे सांगणारा कागद शिल्लक राहायला हवा.

मात्र कागदातला शब्द आपल्या सूचीच्या वाक्यात येऊ देऊ नये. तेथे सूचीकार स्वतः बोलत असतो, आणि आपल्या तोंडच्या शब्दाची जबाबदारी 1916 च्या साहेबावर टाकता येत नाही. मूळ शीर्षक असेल तसे अवतरण चिन्हांत द्यावे. त्याखालचे वर्णन आजच्या भाषेत, त्या समाजाला मान्य असलेल्या नावाने लिहावे. आणि शोधासाठी जुने व नवे अशी दोन्ही नावे एकमेकांस जोडून ठेवावीत, म्हणजे नवे नाव टाकणाऱ्यालाही जुना कागद मिळेल. वाचकाला पान उघडण्याआधीच दिसेल अशी तीन-चार ओळींची सूचना द्यावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही अशी सूचना दिली आहे. ती शेवटी, तळटीपेत ठेवू नये. वाचून झाल्यावर दिलेल्या इशाऱ्याचा उपयोग नसतो.

एक गोष्ट मला सूची करतानाच कळली, आणि ती फुल्या मारणाऱ्यांनी अवश्य पाहावी. एका जुन्या वहीच्या एकाच पानावर एका माणसाचे नाव 'गोविंदराव' असे होते आणि चार ओळी खाली दुसऱ्याचे 'गोंद्या'. दोघेही गोविंदच. जातीचा रकाना झाकून पाहिला तरी कोणता माणूस कोणत्या वस्तीतला, हे त्या 'राव' आणि 'या'वरून लगेच कळत होते. त्या पानावर एकही शिवी नव्हती. फुली मारायची तर कशावर मारणार?

प्रश्न (प्रतापनगर): माझ्या लेखाखाली एकाने अत्यंत जातीयवादी टिप्पणी केली. तक्रार केली तर 'नियमांचा भंग आढळला नाही' असे उत्तर आले. उलट माझ्या मित्राची साधी पोस्ट काढली गेली. हा पक्षपात म्हणावा का?

उत्तर: पक्षपात नसेलच असे मी म्हणत नाही, पण त्याआधी यंत्राचे अज्ञान तपासावे. आपण पाठवलेल्या टिप्पणीत यंत्राच्या निषिद्ध शब्दांच्या यादीत असेल असा एकही शब्द नाही. 'तुम्ही लोक', 'कोट्यातले', 'सरकारचे जावई', एवढ्यावर तिचे काम भागले आहे. जाणत्या मराठी माणसाला ती वाचताक्षणी कळते. शब्दांवर शिकलेल्या यंत्राला मात्र तीत जावई दिसतो आणि सरकार दिसते.

उलट दिशेची चूकही तितकीच सोपी आहे. 'महार' हे नाव यादीत घालून अक्षरांची जुळणी करणारी ढोबळ चाळणी लावली, तर ती 'महाराष्ट्र' आणि 'महाराज' हे दोन्ही शब्द अडवील. 'मांग' घातला तर 'मांगल्य' अडेल. शिवाय ही नावे अनुसूचित जातींच्या यादीतील आहेत, भारतीय सेनेत महार रेजिमेंट आहे. नाव ही शिवी नव्हे, नावाचा वापर शिवीसारखा होतो. यंत्र शिकवायला लागणारा मराठीचा साठाही तुटपुंजा आहे. 2022 मध्ये 'महाहेट' या नावाने पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विटांचा संच उपलब्ध झाला, ज्यात प्रत्येक ट्विटाला द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील किंवा यांपैकी काहीच नाही, असे लेबल माणसांनी लावले आहे. काम मोलाचे आहे. पण इंग्रजीच्या तुलनेत ही ओंजळ आहे, आणि वऱ्हाडी-नागपुरी बोलीचे त्यात काय पडणार?

आपल्याकडचा 'बे' घ्या. 'काय बे, कुठं होता?' यात जवळीक आहे. तोच 'बे' अनोळखी माणसाला लावला तर भांडणाची सुरुवात होते. पुण्याचा लेबल लावणारा दोन्हींना उद्धट ठरवील आणि नागपूरचा कदाचित दोन्हींना सोडून देईल. म्हणून तक्रार करताना ती 'जातीवरून द्वेष' याच सदरात करावी, जिथे लिहिण्याची जागा मिळते तिथे टोमण्याचा अर्थ सरळ वाक्यात उलगडून सांगावा, आणि टिप्पणी उडण्यापूर्वी तिचे तारखेसह स्क्रीनशॉट व दुवा जपून ठेवावा. पुढे पोलिसांकडे जायचे झाले तर तेच लागते.

प्रश्न (मनीषनगर): आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटाचा मी अॅडमिन आहे. एका सभासदाने दुसऱ्याला जातीवरून लिहिले. गुन्हा माझ्यावरही दाखल होईल का?

उत्तर: केवळ अॅडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले आहे की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरायचे तर दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने त्या समाजातील व्यक्तीला लोकांना दिसेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा आहे. इंटरनेटवरील मजकुरालाही तो लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे. गट किती जणांचा, कोण कोण त्यात आहे, यावर न्यायालय विचार करील. कायद्याचे राहू द्या. तो मजकूर काढण्याची सोय अॅडमिनला असताना आपण पत्र लिहीपर्यंत तो तसाच होता, हे मला खटकले.

प्रश्न (कामठी): 'दलित' शब्दावर बंदी आहे असे सांगून एका संपादकाने माझ्या लेखातून तो काढला. खरे आहे का?

उत्तर: बंदी नाही. नागपूर खंडपीठासमोरच्या याचिकेनंतर ऑगस्ट 2018 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' वापरण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला होता, शिक्षेची तरतूद नव्हे. 'हरिजन' दुसऱ्यांनी दिलेला शब्द होता. 'दलित' 1972 च्या पँथर चळवळीने अभिमानाने स्वतःला लावला, त्यामुळे दोन्ही एका मापाने मोजू नयेत. मात्र 14 ऑक्टोबर 1956 नंतर याच शहरातील कितीतरी घरांनी 'बौद्ध' हीच आपली ओळख मानली आणि 'दलित' म्हटलेले त्यांना रुचत नाही. ज्यांच्याविषयी लिहीत आहात त्यांना विचारून घ्या.

प्रश्न (धरमपेठ): आपण मागील एका लेखात इंग्रजीमिश्रित मराठीला 'धेडगुजरी' म्हटले होते. या शब्दाचा पहिला भाग काय आहे, हे आपल्याला ठाऊक नाही काय?

उत्तर: ठाऊक होते, आणि तरीही लिहिताना डोळ्यांना टोचले नाही. पहिला भाग एका समाजाला तुच्छतेने दिलेले नाव आहे. संग्रहित लेखात तो शब्द तसाच ठेवून त्याखाली तारखेसह टीप जोडली आहे. यापुढे मी 'भेसळीची भाषा' असे लिहीन.