व्हिएतनामच्या आठ दिवसांच्या सहलीत चौघांना वरखर्चाला किती पैसे लागतील, आणि ते कोणत्या रूपात न्यावेत?

आपण दोघे आणि शाकाहारी सासू-सासरे असे चौघे हनोई, हा लाँग, दा नांग आणि होई आन पाहायला निघाला आहात. विमान, हॉटेल, सकाळची न्याहारी आणि क्रूझ यांचे पैसे भरून झाले आहेत. आता वरखर्चाचा अंदाज आणि रुपये बदलण्याची योग्य जागा हवी आहे, असा आपला प्रश्न आहे. मी आई-वडिलांना घेऊन याच भागात जाऊन आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, दर शोधण्याआधी खर्चाची गोळाबेरीज करावी, कारण त्यातला रोखीने करावा लागणारा भाग आपल्या कल्पनेपेक्षा बराच लहान असतो.

व्हिएतनामी डोंगांत हिशेब लाखांतच सुरू होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्ट महाग वाटते. सध्याच्या ढोबळ दराने एक लाख डोंग म्हणजे सुमारे ३५० रुपये. किमतीतली शेवटची तीन शून्ये झाकावीत आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणावे, म्हणजे रुपये मिळतात. या हिशेबाने रस्त्याकडेच्या साध्या उपाहारगृहात एकाचे जेवण ८० हजार ते एक लाख डोंगांत होते, परंतु आपल्या अंदाजपत्रकावर खरा परिणाम होणार आहे तो सासू-सासऱ्यांच्या शाकाहाराचा. भाज्यांच्या पदार्थांतही तिथे माशांचा सॉस सर्रास पडतो, त्यामुळे दिवसातून एकदा तरी भारतीय उपाहारगृह गाठावे लागेल, आणि तिथे माणशी सुमारे अडीच लाख डोंग धरावेत. दोन वेळच्या जेवणाचे चौघांचे १४ लाख, कॉफी, फळे आणि शहाळी यांचे तीन लाख, मोबाइलच्या अ‍ॅपवरून बोलावायच्या 'ग्रॅब' टॅक्सींचे तीन लाख, असे दिवसाला २० लाख डोंग, म्हणजे सुमारे ७,००० रुपये होतात. आठ दिवसांचे एक कोटी साठ लाख डोंग, अर्थात ५६,००० रुपये. कोटींचा आकडा पाहून सासरेबुवा दचकतील, त्यांना तो रुपयांतच सांगावा. होई आनच्या जुन्या गावाचे तिकीट परदेशी पर्यटकाला एक लाख वीस हजार डोंगांना पडते. दा नांगजवळच्या बा ना हिल्सचे मात्र माणशी दहा लाखांच्या आसपास जाते, म्हणून ते वेगळे धरावे आणि शक्यतो आधीच ऑनलाइन काढून ठेवावे. खरेदीसाठी किती ठेवायचे ते घरी ठरवून निघावे. होई आनचे शिंपी एका दिवसात कपडे शिवून देतात आणि तिथे भल्याभल्यांचे अंदाजपत्रक कोलमडते.

यातला जवळपास निम्मा खर्च कार्डाने होतो, कारण 'ग्रॅब'ला कार्ड जोडता येते आणि मोठी उपाहारगृहे कार्ड घेतात. मात्र कोणते कार्ड, हे तपासून घ्यावे. आपल्याकडच्या बहुतेक बँकांच्या फॉरेक्स कार्डांवर, म्हणजे परकी चलन आधीच भरून नेण्याच्या कार्डांवर, डोंग भरता येत नाहीत. कार्डावर डॉलर भरायचे आणि खर्च डोंगांत करायचा, म्हणजे बँक दुसऱ्यांदा चलन बदलण्याचे शुल्क लावते, आणि फॉरेक्स कार्ड घेण्याचा फायदाच निघून जातो. साध्या क्रेडिट कार्डावर परकी चलनाचे शुल्क साडेतीन टक्के असेल, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ते ४.१३ टक्के होते. म्हणून हे शुल्क न लावणारे एखादे कार्ड मिळवता आले तर तेच न्यावे, आणि ते अडले तर हाताशी असावे म्हणून दुसऱ्या बँकेचे एक कार्ड सासऱ्यांच्या पाकिटात ठेवावे. दुकानातले यंत्र "रुपयांत द्यायचे की डोंगांत" असे विचारते तेव्हा न चुकता डोंग निवडावेत, कारण रुपये निवडले की दर त्या यंत्रामागची कंपनी आपल्या मर्जीने लावते. यूपीआयवर तिथे विसंबून राहू नये.

रोखीसाठी माझ्या मते ५०० डॉलर पुरेत. डोंग भारतात सहजासहजी मिळत नाहीत आणि रुपयाला व्हिएतनाममध्ये धड भाव मिळत नाही, त्यामुळे रुपयांचे डॉलर इथे आणि डॉलरचे डोंग तिथे, असा दोन टप्प्यांचाच मार्ग उरतो. पुण्यात कॅम्पात किंवा मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दोन-तीन चलनविनिमय दुकानांत फोन करावा आणि "आजचा दर काय" असे न विचारता "५०० डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये द्यावे लागतील" असे विचारावे. समजा बाजारभाव ९० रुपये आहे आणि दुकानदार ९१.३५ सांगतो, तर तो दीड टक्का ठेवतो आहे, जे रास्त आहे. ४५,६७५ रुपयांच्या या व्यवहारात जीएसटी संपूर्ण रकमेवर नसून तिच्या एक टक्क्यावर १८ टक्के असतो, म्हणजे जेमतेम ८२ रुपये. त्याच्या नावाखाली कोणी हजार रुपये लावत असेल तर सरळ पुढचे दुकान गाठावे. विमानतळावरच्या खिडकीवर हे काम ठेवू नये. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट सोबत लागते. व्यवहार ५०,००० रुपयांच्या वर गेला तर पैसे रोखीने देता येत नाहीत. परकी चलनाच्या रोख नोटांची प्रवासागणिक मर्यादा माणशी ३,००० डॉलर आहे, तिच्या जवळपासही आपण जात नाही.

डॉलर घेताना शंभराच्या कोऱ्या नोटा मागाव्यात आणि काउंटरवरच एकेक उलटून पाहाव्यात. पेनाने मारलेली रेघ, लहानसा शिक्का, कोपऱ्याची चीर यांपैकी काहीही असले तर हनोईतला रोखपाल नोट परत सरकवतो किंवा भाव पाडतो. लहान किमतीच्या डॉलर नोटांनाही तिथे भाव कमी मिळतो. बदलण्यासाठी बँक किंवा परवाना असलेले विनिमय केंद्र गाठावे. सोन्याची दुकाने किंचित बरा दर देतात हे खरे, पण त्यांतल्या अनेकांकडे परवाना नसतो, आणि २०१८ साली कन थो शहरात अशा दुकानात शंभर डॉलर बदलणाऱ्या एका माणसाला नऊ कोटी डोंगांचा दंड ठोठावला गेला होता. बराच गाजावाजा झाल्यावर तो माफ झाला, तरी परदेशात हा धोका कशाला पत्करायचा?

डोंग हाती आले की नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत लावाव्यात. २० हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र, आणि संध्याकाळच्या बाजारात, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात, त्यांची अदलाबदल सहज होते. ती झाली की सत्तर रुपयांच्या जागी साडेसतराशे जातात. ओळखायची सोपी खूण मागच्या बाजूस आहे: २० हजारांच्या नोटेवर होई आनचा छपराचा पूल आहे, जो आपण प्रत्यक्ष पाहणारच आहात. दोन लाखांच्या नोटेवर हा लाँगचा उपसागर आहे, आणि ती दहा हजारांच्या नोटेशी रंगाने जुळते. सासूबाईंकडे फक्त ५० हजारांपर्यंतच्या नोटा द्याव्यात, म्हणजे फळवालीशी घासाघीस त्यांना निर्धास्तपणे करता येईल.

सगळे डॉलर पहिल्याच दिवशी बदलू नयेत. हनोईत ३०० आणि उरलेले दा नांगला, गरजेप्रमाणे. उरलेले डोंग इथे कोणी घेत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी कॉफी आणि काजू यांवर ते संपवावेत. उरलेले डॉलर मात्र पुढच्या प्रवासासाठी खुशाल कपाटात ठेवावेत. माणशी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ बाळगण्यास नियमाने मुभा आहे.