डोंगरावरची आणि किनाऱ्यावरची वाइन: चवीत फरक कळतो का?

थंड हवेतल्या डोंगरी आणि किनारी मळ्यांच्या वाइनमधला फरक जिभेला कळतो का, आणि तुलना कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. कळतो. फक्त लेबलवरच्या ‘कोस्ट’, ‘माउंटन’ या शब्दांवर विसंबू नका. द्राक्षं धुक्याच्या खाली पिकली की वर, ते बघा.

मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. पश्चिमेला सांताक्रूझ माउंटन्स, गोल्डन गेट पूल ओलांडून वर गेलं की सोनोमा कोस्ट, म्हणजे किनारा. पिनो न्वार ही रेड वाइनच्या द्राक्षांची जात दोन्हीकडे पिकते. पॅसिफिकचं पाणी ऐन उन्हाळ्यातही बोचरं गार असतं, त्यावरून धुकं आत सरकतं. सोनोमाच्या दक्षिण टोकाला पेटालुमा गॅप ही डोंगरांमधली मोकळी वाट आहे, तिथे दुपारी असा वारा सुटतो की वेलीच्या पानांची रंध्रं मिटतात आणि द्राक्ष सावकाश पिकतं. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल घटतं, इथे ते टिकतं. वाइनला आमसुलासारखा टवटवीत आंबटपणा येतो.

डोंगरावर धुक्याच्या वर सकाळपासून लख्ख ऊन असतं, माती मात्र उथळ. मणी बारीक राहतात, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. घोट गिळल्यावर जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते, हिरड्यांवर तुरटपणा रेंगाळतो. मला ही डोंगरी वाइनच जास्त आवडते.

आता गोम सांगतो. सोनोमा कोस्टवरचा फोर्ट रॉस-सीव्ह्यू हा भाग समुद्राला अगदी लागून आहे, पण तिथले मळे बहुतेक 920 ते 1800 फुटांवर, धुक्याच्या वर. 2012 पासून त्याला वाइनचा प्रदेश म्हणून स्वतंत्र अधिकृत ओळख आहे. बाटल्या झाकून चाखताना मी तिथली वाइन डोंगरी म्हणून बाजूला काढली होती, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं.

तुलना करताना द्राक्षाची जात आणि पिकाचं वर्ष एकच हवं, किंमतही जवळपास. बाटल्या कागदी पिशव्यांत घाला. तापमान 14-15 अंश सेल्सिअस ठेवा. फार गार केली तर तुरटपणा उगाच टोचतो, कोमट झाली तर अल्कोहोलच नाकात भरतं. नव्या ओक पिंपातली वाइन टाळा, व्हॅनिलाच्या वासाखाली बाकी सगळं दबतं. आणि चिवडा नंतर! तिखटानं अल्कोहोल जास्तच जळजळतं.

सुरुवातीला पेटालुमा गॅप आणि सांताक्रूझ माउंटन्सची एकेक बाटली पुरे. तो फरक ओळखीचा झाला की मग फोर्ट रॉस-सीव्ह्यूची तिसरी मध्ये ठेवा.