राजपूत एवढे शूर होते तर अकबरासमोर चित्तोड का पडलं?

शौर्य कमी पडलं म्हणून नाही पडलं एवढं आधी सांगतो. अकबर ऑक्टोबर 1567 मध्ये तिथे येऊन बसला आणि किल्ला पडला 23 फेब्रुवारी 1568 ला, म्हणजे चार महिने. या चार महिन्यांत तलवारीपेक्षा जास्त काम कुदळ-फावड्याने केलंय.

मी चित्तोड पाहिलंय, वर तटावर उभं राहिलं की कळतं की इथे सरळ चढून येणं म्हणजे मरणच. आधी मुघलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातला एक उशिरा उडाला आणि त्यांचीच दोनेकशे माणसं गेली. मग साबात बांधला, म्हणजे वरून छप्पर असलेला नागमोडी रस्ता, आतून हत्ती-घोडे जातील इतका रुंद, थेट तटाला भिडवलेला. देखरेखीला राजा तोडरमल. वरच्या गोळीबारात रोज शेदोनशे मजूर मरायचे असं मुघल इतिहासकारच लिहितात, पण पैसा मुबलक असल्याने मरणाऱ्याच्या जागी लगेच दुसरा उभा. आतल्यांना कुठून मिळणार बदली माणसं?

एका रात्री किल्ला लढवणारा सेनापती जयमल राठोड खिंडार बुजवून घेत होता, त्याला गोळी लागली. अकबराने स्वतः 'संग्राम' नावाच्या बंदुकीने मारली असं मुघल सांगतात, आणि मेवाडचे लोक सांगतात की जखमी जयमल त्याचा नातलग कल्ला राठोड याच्या खांद्यावर बसून लढला. दोन्ही बाजूंना आपापली गोष्ट हवीच असते म्हणा. त्याच रात्री जोहार झाला. दुसऱ्या दिवशी किल्ल्यातला दुसरा सरदार पत्ता सिसोदिया लढताना पडला आणि नंतर जी कत्तल झाली त्यात तीसेक हजार माणसं गेली, हा आकडा अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझलचाच, त्यात बहुतेक आसऱ्याला आलेले शेतकरी होते. उदार अकबराच्या गोष्टीत हे कोणी सांगत नाही.

आणि हो, 'राजपूत विरुद्ध मुघल' असं सरळ नव्हतंच, आमेरचा राजपूत भगवंतदास अकबराच्याच छावणीत होता. आपल्याकडे पुरंदरला मिर्झाराजे आले तसंच काहीसं.

मेवाडचा राजा राणा उदयसिंह आधीच डोंगरात निघून गेला म्हणून त्याला भित्रा म्हणतात, ते मला पटत नाही. राजाराम महाराज रायगडावरून निसटून जिंजीला गेले तर त्यांना कोणी भित्रं म्हणतं का? राणा वाचला म्हणून त्याचा मुलगा प्रताप पुढे वीसेक वर्षं लढू शकला ना. चित्तोड परत मिळालं ते 1615 च्या तहात, तेही तट दुरुस्त करायचे नाहीत या अटीवर. पुढे दुरुस्ती केली तर 1654 मध्ये शाहजहानने फौज पाठवून ती पाडायला लावली.