विजयोत्सवाच्या गर्दीत पहिल्यांदा जाताना

विजयी संघाच्या मिरवणुकीला आपण प्रथमच जात आहात, म्हणून सांगतो: खेळाडू नीट दिसतील अशी जागा शोधण्याआधी बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवा, कारण घबराट उडाली की बहुतेक जण आत आलेल्या वाटेकडेच धावतात. कॅनडातील टोरोंटोत १७ जून २०१९ रोजी रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाच्या विजयोत्सवात गोळीबार झाला आणि जमाव उधळला; अशा वेळी आपण कशापासून पळत आहोत, हे पळणाऱ्या बहुतेकांना ठाऊकही नसते.

तुडवले जाण्यापेक्षा छाती दाबली जाऊन श्वास कोंडण्याचा धोका मोठा असतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली, नाक खाजवायलाही हात वर नेता येईना, की कार्यक्रम कितीही रंगात आलेला असो, तिथून निघावे. (मला स्वतःला हे फार उशिरा उमगले.) रेट्यात सापडलात तर दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरा, रेट्याविरुद्ध झुंजू नका, तो क्षणभर ओसरला की तिरके कडेला सरका; मात्र भिंतीला किंवा कठड्याला चिकटू नका. हातातून मोबाइल पडलाच, तर तो गेला असे समजा, वाकू नका.